५८–१९ आणि तरीही निरोप : नेब्रास्कातला २००३चा कोच-बदल

शुक्रवार, २८ नोव्हेंबर २००३. बोल्डरला जाऊन नेब्रास्का विद्यापीठाच्या फुटबॉल संघानं कोलोरॅडोला ३१–२२ असं हरवलं. हंगामाचा हिशोब ९ विजय, ३ पराभव. दुसऱ्याच दिवशी मुख्य कोच फ्रँक सोलिच यांना काढून टाकण्यात आलं. सहा वर्षांत त्यांच्या नावावर ५८ विजय आणि १९ पराभव होते. अमेरिकन कॉलेज फुटबॉलमध्ये कोच बदलण्याचे प्रकार दर हिवाळ्यात होतात, पण प्रतिस्पर्ध्यांकडे पाहून घेतलेला निर्णय कसा फसतो हे शिकायला याच्याइतकं स्वच्छ प्रकरण नाही. वीस वर्षं उलटली तरी त्याचा हिशोब पुरता मिटलेला नाही.

क्रीडा विभागाचे तेव्हाचे संचालक स्टीव्ह पेडरसन यांनी दिलेलं कारण आजही लिंकनमध्ये, म्हणजे विद्यापीठाच्या गावी, तोंडपाठ आहे. संघाला सामान्यपणाकडे घसरू देणार नाही आणि बिग ट्वेल्व्ह कॉन्फरन्स (विद्यापीठांच्या संघांची साखळी) ओक्लाहोमा आणि टेक्सास यांच्या हवाली करणार नाही, असा त्याचा आशय होता. हे विधान फक्त आवेशाचं म्हणून सोडून देऊ नये. त्यात मोजपट्टी दिलेली आहे. त्या दोन संघांपुढे आपण कुठे आहोत, एवढ्यावरच कोच तोलायचा. या मोजपट्टीत काय बरोबर होतं आणि काय चूक, हे आकड्यांवरून बघता येतं.

आधीची परिस्थिती

नेब्रास्का हे जेमतेम वीस लाख वस्तीचं राज्य. तिथे व्यावसायिक फुटबॉलचा संघ नाही, त्यामुळे विद्यापीठाचा संघ हाच सगळ्या राज्याचा संघ. १९६२पासून मेमोरियल स्टेडियमचा प्रत्येक सामना हाउसफुल्ल आहे. बॉब डेव्हनी यांनी १९७० आणि १९७१ची राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली. त्यांच्यानंतर टॉम ऑस्बोर्न यांनी १९७३ ते १९९७ या २५ वर्षांत २५५ सामने जिंकले, ४९ हरले आणि ३ बरोबरीत सोडवले. १९९४, १९९५ आणि १९९७ची विजेतेपदं त्यांची. त्यातलं शेवटचं मिशिगनबरोबर वाटून घेतलेलं. सोलिच त्यांचेच सहायक होते, त्याच मैदानावर फुलबॅक म्हणून खेळलेले. वारसदार म्हणून ऑस्बोर्ननीच त्यांना निवडलं होतं.

या यशाच्या मुळाशी खेळाची एक विशिष्ट पद्धत होती, ती समजून घेतल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही. नेब्रास्का ऑप्शन खेळायचा. क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमण चालवणारा खेळाडू, चेंडू घेऊन बाजूला पळतो. बचावातल्या एका खेळाडूला मुद्दाम कुणी अडवत नाही. तो कुणावर झेपावतो हे पाहून क्वार्टरबॅक स्वतः पुढे घुसतो किंवा शेजारून पळणाऱ्याकडे चेंडू फेकतो. यासाठी दोन गोष्टी हव्यात : दणकट आणि एकमेकांची सवय झालेली ऑफेन्सिव्ह लाइन (समोरच्यांना अडवणारी आक्रमणाची पुढची रांग), आणि चपळ क्वार्टरबॅक. पहिली गोष्ट गावागावांतल्या थोराड पोरांना चार-पाच वर्षं व्यायामशाळेत घडवून मिळते. दुसरी तुलनेनं स्वस्तात मिळते, कारण लांब पास चांगला न फेकणाऱ्या चपळ क्वार्टरबॅकला मोठी विद्यापीठं बचावात खेळवायला मागतात. म्हणजे ज्या बाजारात टेक्सास, फ्लोरिडा आणि कॅलिफोर्नियाची विद्यापीठं आधी पोहोचतात, तिथे नेब्रास्काला फारसं जावंच लागत नव्हतं.

याच्या जोडीला वॉक-ऑन. हे खेळाडू स्कॉलरशिपशिवाय, स्वतःच्या खर्चानं संघात येतात. त्यांच्या संख्येमुळे संघ दीडशेच्या घरात जायचा. ऑस्बोर्न एकाच वेळी मैदानाच्या वेगवेगळ्या भागांत सराव चालवत, त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या फळीतल्या पोरांनाही रोज खरा सराव मिळे. स्कॉलरशिपची मर्यादा १०५वरून ९५वर आणि नव्वदीत ८५वर आली, तेव्हा इतर संघांची राखीव फळी पातळ झाली. नेब्रास्काची झाली नाही.

१९९६ साली जुन्या बिग एट कॉन्फरन्समध्ये टेक्सास, टेक्सास ए अँड एम, टेक्सास टेक आणि बेलर ही चार विद्यापीठं आली आणि बिग ट्वेल्व्ह तयार झाली. बारा संघांचे उत्तर आणि दक्षिण असे दोन गट पडले. नेब्रास्का उत्तरेत, ओक्लाहोमा दक्षिणेत. दरवर्षीचा नेब्रास्का–ओक्लाहोमा सामना तिथेच तुटला. १९७१मधल्या ३५–३१ या निकालासाठी तो सामना अजून सांगितला जातो. आता तो दोन वर्षं असे आणि दोन वर्षं नसे. चाहत्याच्या दृष्टीनं हा फार मोठा तोटा होता. स्वतःला मोजायचा वार्षिक दगडच हरवला. त्याच्या जागी टेक्सास आला, आणि पहिल्याच कॉन्फरन्स फायनलमध्ये त्यानं नेब्रास्काला ३७–२७ असं हरवलं.

घसरण खरी होती का?

होती. सोलिच यांच्या बाजूनं बोलणारे हे मान्य करायला कचरतात, पण त्याशिवाय प्रकरणाचा अभ्यास होणार नाही.

१९९९मध्ये १२–१ आणि कॉन्फरन्सचं विजेतेपद. २०००मध्ये १०–२. २००१मध्ये ११–२ आणि क्वार्टरबॅक एरिक क्राउचला हाइझमन ट्रॉफी, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा मान. त्याच हंगामाच्या शेवटी मात्र कोलोरॅडोनं ६२–३६ अशी धूळ चारली. तरीही संगणकीय गुणांकनाच्या कृपेनं संघ राष्ट्रीय फायनलला गेला आणि रोझ बोलमध्ये मायामीकडून ३७–१४ असा हरला. २००२मध्ये ७–७. सलग ३३ हंगाम किमान नऊ विजयांची परंपरा तिथे मोडली.

पेडरसन यांनी नावं घेतलेल्या दोन संघांविरुद्ध सोलिच यांचे निकाल असे आहेत. ओक्लाहोमाशी दोनच सामने : २०००मध्ये १४–३१ असा पराभव, २००१मध्ये २०–१० असा विजय. शेवटच्या दोन हंगामांत हे संघ समोरासमोर आलेच नव्हते. टेक्सासशी पाच सामन्यांत एक विजय, तोही १९९९च्या कॉन्फरन्स फायनलमध्ये, २२–६. उरलेल्या चार पराभवांतलं अंतर ४, ४, ३ आणि २४ गुणांचं.

आता शेजारचा कॅन्सस स्टेट बघा. तो नेब्रास्काच्याच गटातला, दरवर्षी भेटणारा. सहा सामन्यांत दोन विजय, चार पराभव. पराभवांतलं अंतर क्रमानं १०, १, ३६ आणि २९. २००३चा ९–३८ हा पराभव तर लिंकनमधला, घरच्या मैदानावरचा. १९६८नंतर कॅन्सस स्टेट तिथे प्रथमच जिंकला होता. त्याच वर्षी मिझुरीनं ४१–२४ असं हरवलं, तेही १९७८नंतर प्रथमच.

या आकड्यांत खरं दुखणं दिसतं. टेक्सासकडून तीन-चार गुणांनी हरणं हे दुखणं नाही, ते चौथ्या क्वार्टरमधल्या एखाद-दुसऱ्या चुकीचं फळ असतं. ज्या शेजाऱ्यांना तीस-तीस वर्षं सहज चिरडलं, ते आता घरात येऊन चार टचडाउनच्या (एक टचडाउन साधारण सात गुणांचा) फरकानं हरवतात, हे दुखणं आहे. एवढं अंतर बहुतेक वेळा रेषेवर पडतं, म्हणजे ऑफेन्सिव्ह आणि डिफेन्सिव्ह लाइनवर. लाइनचे खेळाडू तीन-चार वर्षांपूर्वी भरती केलेले असतात. २००२–०३चे पराभव १९९९–२००० सालच्या भरतीतून आले होते.

सोलिच यांना हे उमगलेलं होतं, याचा पुरावा म्हणजे २००२नंतर त्यांनी सहायकांच्या फळीत केलेला मोठा फेरबदल. बचावाची सूत्रं ग्रीन बे पॅकर्स या व्यावसायिक संघातून आणलेल्या बो पेलिनी यांच्याकडे दिली, आक्रमणासाठी बार्नी कॉटन आणले. एका वर्षात ७–७चे ९–३ झाले. बचाव देशातल्या सर्वोत्तम बचावांत गेला. लुटलेल्या चेंडूंच्या संख्येतही संघ वरच्या रांगेत होता. आक्रमण मात्र अडखळतच राहिलं. अर्धी दुरुस्ती झाली होती, अर्धी बाकी होती. नेमका याच टप्प्यावर मालकानं गवंडी बदलला.

आणखी एक गोष्ट. सोलिच यांना काढल्यावर आठवड्याभरात, ६ डिसेंबरला, कॉन्फरन्स फायनल झाली. एका बाजूला देशात पहिल्या क्रमांकावर असलेला ओक्लाहोमा, दुसऱ्या बाजूला उत्तरेचा विजेता कॅन्सस स्टेट. निकाल लागला कॅन्सस स्टेट ३५, ओक्लाहोमा ७. ज्या संघाच्या हवाली कॉन्फरन्स जाईल अशी भीती घातली गेली, त्याला नेब्रास्काच्या शेजाऱ्यानंच झोपवलं. भीतीचं नाव चुकलेलं होतं.

४१ दिवस

निर्णय बरोबर की चूक हा वाद बाजूला ठेवला, तरी अंमलबजावणीत जे झालं ते अक्षम्य होतं. उत्तराधिकारी हाताशी नव्हता. आर्कान्सॉचे ह्यूस्टन नट यांच्याशी बोलणी झाली, पण ते आपल्या जागीच राहिले. हंगामी कोच म्हणून पेलिनी यांनी अलामो बोल या हंगामानंतरच्या सामन्यात मिशिगन स्टेटला १७–३ असं हरवलं. प्रेक्षकांचा कौल त्यांच्याकडे होता, कायमची जागा मात्र मिळाली नाही. शेवटी ९ जानेवारी २००४ला बिल कॅलहन यांचं नाव जाहीर झालं. २९ नोव्हेंबर ते ९ जानेवारी म्हणजे ४१ दिवस.

या ४१ दिवसांची किंमत कॅलेंडरमध्ये दिसते. त्या काळी डिसेंबरचा साइनिंग डे नव्हता. शाळकरी खेळाडू फेब्रुवारीच्या पहिल्या बुधवारी सही करत. २००४मध्ये तो दिवस ४ फेब्रुवारी होता. नव्या कोचला मिळाले २६ दिवस. त्यात सहायक नेमायचे, आधी शब्द दिलेल्या मुलांच्या घरी जायचं, नव्या पद्धतीला न बसणाऱ्यांना काय सांगायचं ते ठरवायचं आणि नवीन मुलं शोधायची. दरम्यान कॉन्फरन्समधले प्रतिस्पर्धी त्याच मुलांना रोज फोन करत असतात, आणि त्यांच्याकडे सांगायला एकच वाक्य पुरतं : तिकडे तुझा कोच कोण असेल हे त्यांनाही माहीत नाही.

पेलिनी पुढच्या हंगामात कुठे गेले? ओक्लाहोमाला, बचावाचे सह-समन्वयक म्हणून. ज्याला कॉन्फरन्स द्यायची नव्हती, त्याला आपला सर्वात चांगला सहायक दिला. कोच बदलताना चाहते मुख्य कोचच्या नावावर भांडतात आणि सहायकांकडे कुणी पाहत नाही. वास्तविक संघाची घडी ज्यांच्या हातात असते ते आठ-दहा लोक एका रात्रीत मोकळे होतात.

औषध पखालीला

कॅलहन अगदीच नवखे नव्हते. व्यावसायिक लीगमधल्या ओकलंड रेडर्सना घेऊन ते सुपर बोलपर्यंत, म्हणजे लीगच्या फायनलपर्यंत गेले होते. पुढच्या हंगामात ४–१२ झाल्यावर त्यांना काढलं गेलं. त्यांनी नेब्रास्कात वेस्ट कोस्ट पद्धत आणली : आखूड, वेळेवर बांधलेले पास, जाडजूड प्लेबुक, अचूक क्वार्टरबॅक. रोग रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात तसं झालं. दुखणं रेषेवर होतं आणि बदलली खेळाची भाषा. ऑप्शनसाठी जमवलेली मुलं एका उन्हाळ्यात पासिंग शिकली नाहीत. शिकणार कशी? ऑप्शनमधला लाइनमन पुढे झेपावून ढकलायला शिकलेला असतो. पासच्या संरक्षणात त्याला मागे सरत अंगावर घ्यावं लागतं. पाय, कंबर, हातांची जागा, सगळंच उलटं.

२००४मध्ये टेक्सास टेककडून ७०–१० असा पराभव झाला. क्वार्टरबॅक जो डेलीचे १७ टचडाउन पास आणि १९ इंटरसेप्शन (विरोधकांनी पकडलेले पास). हंगाम ५–६, म्हणजे १९६१नंतरचा पहिला तोट्याचा हंगाम. सलग ३५ वर्षं बोल सामना खेळण्याची परंपरा संपली.

पुढे थोडं सावरलं. ज्युनियर कॉलेजातून आलेला झॅक टेलर हा पद्धतीला साजेसा क्वार्टरबॅक मिळाला. पुढे तोच सिनसिनाटी बेंगल्सचा मुख्य कोच झाला. २००६मध्ये उत्तर गटाचं विजेतेपद मिळालं. २००५च्या भरतीत न्डामुकॉन्ग सूसारखा डिफेन्सिव्ह टॅकल आला. कॅलहन भरतीत कमी नव्हते, हे त्यांच्या विरोधकांनीही लक्षात ठेवावं.

पण २००७मध्ये बचाव कोसळला. कॅन्ससनं ७६–३९ असं हरवलं. नेब्रास्काविरुद्ध एवढे गुण त्याआधी कुणीच केलेले नव्हते. विशेष म्हणजे त्याच सप्टेंबरमध्ये पेडरसन यांनी कॅलहन यांचा करार वाढवून दिला होता. ऑक्टोबरच्या मध्यावर पेडरसन गेले आणि त्यांच्या जागी खुद्द ऑस्बोर्न आले. २३ नोव्हेंबरला कोलोरॅडोकडून ५१–६५ असा पराभव झाल्यावर दुसऱ्या दिवशी कॅलहनही गेले. एकूण २७–२२.

आणि ती मोजपट्टी? ओक्लाहोमाविरुद्ध तीन सामने, तीन पराभव : ३–३०, २४–३१, ७–२१. टेक्सासविरुद्ध दोन सामने, दोन पराभव : २०–२२, २५–२८. ज्या दोन संघांच्या नावानं सोलिच गेले, त्यांच्याविरुद्ध कॅलहन ०–५.

ऑस्बोर्ननी आठ दिवसांत, २ डिसेंबरला, पेलिनी यांना परत आणलं. नाव आधी ठरवायचं आणि जागा मग मोकळी करायची, या क्रमाचा फरक ४१ आणि ८ या दोन आकड्यांत आहे.

तोच प्रयोग पुन्हा

पेलिनी यांच्या सात वर्षांत ६६–२७. प्रत्येक हंगामात किमान नऊ विजय आणि शेवटचा वगळता प्रत्येक हंगामात बरोबर चार पराभव. २००९च्या कॉन्फरन्स फायनलमध्ये सूनं टेक्सासच्या क्वार्टरबॅकला साडेचार वेळा पाडलं (अर्धं श्रेय सहकाऱ्याचं), तरी घड्याळावर एक सेकंद परत ठेवला गेला आणि त्यावर मारलेल्या फील्ड गोलमुळे सामना १२–१३ असा गेला. २०११मध्ये नेब्रास्का बिग टेनमध्ये गेला. पैसा आणि स्थैर्य मिळालं, पण टेक्सासमध्ये नियमित सामने संपले, आणि तिथल्या मुलाला सांगायला जे होतं, तुझ्या घरचे तुला खेळताना पाहतील, ते हातातून गेलं.

नव्या कॉन्फरन्समधली मोजपट्टी विस्कॉन्सिन ठरली. २०१२ची फायनल ३१–७०, २०१४चा सामना २४–५९. त्यात मेल्विन गॉर्डन एकटा ४०८ यार्ड पळाला. हे पराभव मात्र वेगळे होते. इथे धावत्या खेळापुढे बचाव वारंवार, एकाच जागी फाटत होता, आणि बचाव हे पेलिनी यांचं स्वतःचं क्षेत्र. त्यांना काढण्यामागचा तर्क सोलिच यांच्या वेळेपेक्षा भक्कम होता, असं आमचं मत आहे. काढण्याची वेळ मात्र तीच : आयोवाला ३७–३४ असं हरवल्यावर दोन दिवसांनी, ९–३ असताना. चार दिवसांत माइक रायली आले. त्यांचा हिशोब तीन वर्षांत १९–१९.

पुढे २०१७च्या अखेरीस स्कॉट फ्रॉस्ट आले. १९९७च्या विजेत्या संघाचे क्वार्टरबॅक, सेंट्रल फ्लोरिडाला १३–० करून आलेले. राज्यभर दिवाळी झाली, आणि ती समजण्यासारखी होती. पण हिशोब १६–३१ झाला. २०२१मध्ये ३–९, त्यातला प्रत्येक पराभव एकेरी गुणांच्या फरकाचा. २०२२मध्ये डब्लिनला नॉर्थवेस्टर्नविरुद्ध २८–१७ अशी आघाडी असताना त्यांनी ऑनसाइड किक, म्हणजे चेंडू आपल्यालाच परत मिळावा म्हणून आखूड किक, मारायला सांगितली. चेंडू गेला, लय गेली, सामना २८–३१ असा गेला. एखाद-दुसरा सामना तीन गुणांनी हरणं नशिबावर टाकता येतं. चार वर्षं तसंच घडत असेल तर किकिंग, घड्याळाचा वापर आणि चौथ्या डाउनचे (आक्रमणाच्या शेवटच्या संधीचे) निर्णय यांचं काम नीट होत नाही, असंच समजावं.

इथे पैशाचं कॅलेंडरही पाहावं. फ्रॉस्ट यांच्या सुधारित करारात १ ऑक्टोबर २०२२ला बायआउट (काढल्यास कोचला द्यायची रक्कम) दीड कोटी डॉलरवरून ७५ लाखांवर येणार होता. विद्यापीठानं त्यांना ११ सप्टेंबरला काढलं, जॉर्जिया सदर्नकडून ४२–४५ असं हरल्यावर दुसऱ्याच दिवशी. म्हणजे वीस दिवसांची किंमत ७५ लाख डॉलर. ही उधळपट्टी वाटते. आमच्या मते ती पूर्णपणे तशी नव्हती. लवकर काढल्यामुळे शोधाला अडीच महिने मिळाले, आणि २६ नोव्हेंबरला, डिसेंबरच्या साइनिंग डेच्या आधी, मॅट रूल यांचं नाव जाहीर झालं. २००३मध्ये न दिलेली वेळ २०२२मध्ये विकत घेतली गेली.

आज ही वेळ आणखी महाग आहे. जानेवारी २०२४मध्ये निक साबन अलाबामातून निवृत्त झाले तेव्हा दोन दिवसांत केलन डिबोअर नेमले गेले, तरी ३० दिवसांच्या ट्रान्सफर खिडकीतून (खेळाडूंना विद्यापीठ बदलायची मुदत) केलेब डाउन्ससारखा सेफ्टी, म्हणजे बचावाच्या मागच्या फळीतला खेळाडू, ओहायो स्टेटला गेला. अशा काळात ४१ दिवस जागा रिकामी राहिली, तर अर्धा संघ दुसऱ्याच्या जर्सीत दिसेल. २०२५पासून तर संघाची मर्यादाच १०५ झाली आहे. दीडशे पोरांचा, वॉक-ऑनच्या जोरावरचा जुना नेब्रास्का आता नियमानंच शक्य नाही.

कोच ठेवावा की काढावा असा वाद पेटला, की आम्ही आधी हे पाहतो : पराभवाचं अंतर वाढतंय की घटतंय, घरच्या मैदानावर शेजारी जिंकतायत का, तुटणारी जागा एकच आहे की रोज नवी, सहायक बदलून ती सांधता येईल का, बायआउट कोणत्या तारखेला उतरतो, आणि त्या तारखेपासून साइनिंग डे किती दिवसांवर आहे. राष्ट्रीय क्रमवारी यात सर्वात शेवटी येते.

सोलिच पुढे ओहायो विद्यापीठात गेले, २००५ ते २०२० तिथे राहिले आणि ११५ सामने जिंकले. २०२३च्या वसंतातल्या सराव सामन्याला रूल यांनी त्यांना सन्मानानं लिंकनला बोलावलं. ओक्लाहोमा आणि टेक्सास २०२४मध्ये बिग ट्वेल्व्ह सोडून एसईसी या दुसऱ्या कॉन्फरन्समध्ये गेले. नेब्रास्काचा थँक्सगिव्हिंगनंतरचा शुक्रवार आता आयोवाचा आहे. २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षी निकाल १०–१३ लागला, दोन्ही वेळा शेवटच्या क्षणी नेब्रास्काच्या हातून चेंडू गेला आणि आयोवाच्या किकरनं सामना संपवला. ७–६च्या त्या २०२४च्या हंगामात रूल यांनी नोव्हेंबरातच आक्रमणासाठी डेना होल्गरसन यांना आणलं, आणि डिसेंबरमध्ये स्पेशल टीम्सची (किकिंगच्या पथकांची) जबाबदारी टेनेसीहून बोलावलेल्या माइक एकेलर यांच्याकडे सोपवली.